मालीचं संगीत ऐकायला बसताना

'जगभरातलं संगीत' अशा नावाची एखादी प्लेलिस्ट लावली की तासाभरात पेरू, मंगोलिया, आर्मेनिया, केप व्हर्डे असे आठ-दहा देश होऊन जातात. ऐकताना बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी त्यातली एकही चाल ओठांवर येत नाही. याचा दोष ऐकणाऱ्याकडे नाही. मुळात 'वर्ल्ड म्युझिक' हा संगीताचा प्रकारच नाही, तो दुकानातला खण आहे. 1987च्या उन्हाळ्यात लंडनमधल्या एका पबमध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची मंडळी जमली. आफ्रिकेतल्या, आशियातल्या, लॅटिन अमेरिकेतल्या रेकॉर्ड नेमक्या कुठे मांडायच्या हे दुकानदारांना समजत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मिळून ही एक पाटी ठरवली. पुढे ग्रॅमीवाल्यांनीही ती उचलली आणि 2020मध्ये बदलून 'ग्लोबल म्युझिक' केली. खण तोच राहिला.

त्यामुळे माझा सल्ला असा, की एका वेळी एकच देश घ्यावा आणि तिथे दोन-चार महिने तरी मुक्काम करावा. इथे मी पश्चिम आफ्रिकेतला माली घेतला आहे, कारण हिंदुस्थानी संगीतावर वाढलेल्या कानाला त्यात शिरायला बऱ्याच वाटा आहेत. पिढीजात गाणारी घराणी आहेत, शेकडो वर्षं चालत आलेल्या चीजा आहेत, गोल फिरणारं आवर्तन आहे आणि त्यावर आयत्या वेळी सुचलेलं वाजवण्याची मुभा आहे. त्याच वेळी आपल्या सवयी जिथे फसवतात अशा जागाही भरपूर आहेत, आणि खरी मजा तिथेच आहे.

बसण्यापूर्वी

फार महागडी सामग्री लागत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. पुढे सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक ध्वनिमुद्रणात खर्जात काहीतरी चाललेलं असतं, आणि मोबाइलचा स्पीकर नेमकं तेवढंच गाळून टाकतो. हजारभर रुपयांचे वायरवाले हेडफोन पुरे. शफल बंद करा आणि अल्बम पहिल्यापासून लावा. जाहिरातींशिवाय ऐकता आलं तर उत्तम, कारण बारा मिनिटांच्या चालीत मध्येच साबणाची जाहिरात आली की पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं. घरात हार्मोनियम किंवा की-बोर्ड असेल तर हाताशी ठेवा.

पहिली पायरी: एकटं वाद्य

सुरुवात कोरापासून करावी. मोठा भोपळा अर्धा कापून त्यावर गाईचं कातडं ताणायचं, त्यातून लाकडाचा लांब दांडा आरपार काढायचा आणि कातड्यावर उभी, उंच घोडी ठेवायची. या घोडीला दोन्ही बाजूंनी खाचा असतात. डावीकडून 11 आणि उजवीकडून 10 अशा 21 तारा त्यातून जातात. पूर्वी तारा हरणाच्या कातड्याच्या पिळाच्या असत, आता मासेमारीचा नायलॉनचा दोरा वापरतात. वादक भोपळा स्वतःकडे धरून बसतो. भोपळ्यावरचे दोन उभे दांडे तीन-तीन बोटांनी पकडतो आणि उरलेले दोन अंगठे आणि दोन तर्जन्या, एवढ्या चार बोटांनी सगळं वाजवतो. सतार किंवा वीणेसारखा पडद्यावर बोट ठेवून स्वर काढायचा प्रकार नाही. एका तारेतून एकच स्वर निघतो. म्हणजे मींड नाही, गमक नाही. पहिल्यांदा ऐकताना ही उणीव वाटते. थोड्या दिवसांनी वाटेनाशी होते.

तुमानी जाबाते यांचा 1988चा 'कायरा' हा अल्बम लावा. त्यात फक्त एक कोरा आहे, साथीला कुणी नाही आणि एकावर एक ध्वनिमुद्रणाचे थर चढवलेले नाहीत. हे पुन्हा सांगतो, कारण ऐकताना विश्वास बसत नाही. दोन किंवा तीन माणसं वाजवत असावीत असं वाटत राहतं. तुमानींचा जन्म 1965चा, मालीची राजधानी बामाकोतला. वडील सिदिकी हे कोराचे नामांकित वादक होते. आपण या परंपरेतल्या 71व्या पिढीतले, असं तुमानी सांगत. तरीही वडिलांनी समोर बसवून फारसं शिकवलं नाही; मुलगा बरंचसं ऐकून ऐकूनच शिकला. जुलै 2024मध्ये ते गेले.

पहिल्या खेपेला काही शोधू नका. नुसतं लावून ठेवा, दोनदा, तीनदा. भांडी घासताना चालेल.

दुसरी पायरी: तीन धागे वेगळे करणं

आता लक्ष देऊन बसायचं. डावा अंगठा खर्जातल्या तारा छेडतो. उजवा अंगठा मधल्या सप्तकात एक छोटी, पुन्हा पुन्हा येणारी सुरावट धरून ठेवतो. तर्जन्या वरच्या सप्तकात खेळतात. खालच्या, फिरत राहणाऱ्या सुरावटीला मांडिंका भाषेत कुंबेंगो म्हणतात आणि वरून झरझर उतरणाऱ्या तानांसारख्या धावांना बिरिमिंतिंगो. तबल्याचं एकल वादन ऐकलेल्याला हे समजायला वेळ लागू नये, कुंबेंगो म्हणजे आपला नगमा. फरक इतकाच, की आपल्याकडे नगमा हार्मोनियमवर दुसरा माणूस धरतो आणि इथे नगमा धरणारा आणि त्यावर खेळणारा एकच आहे.

करून पाहायची गोष्ट अशी: कुठलीही एक चाल घ्या आणि पहिल्या खेपेला फक्त खर्ज ऐका. वर कितीही आतषबाजी झाली तरी तिकडे वळायचं नाही. खर्जाचं आवर्तन गुणगुणता आलं की दुसऱ्या खेपेला मधला धागा घ्या. तिसऱ्या खेपेला वरच्या धावा. मग चौथ्यांदा सगळं एकत्र ऐका. धाव कुठून सुटते आणि आवर्तनात कुठे येऊन मिसळते, हे आता दिसायला लागतं. इथे समेवर धाडकन येऊन दाद घ्यायचा प्रघात नाही. धाव बहुतेकदा सम ओलांडून पुढेच कुठेतरी विरते, आणि आपलं 'क्या बात है' तोंडातल्या तोंडात राहतं.

स्वरांबद्दलही इथेच सांगून टाकतो. कोरा बहुतेकदा एफच्या आसपास, म्हणजे आपल्या पांढरी चारच्या आसपास लावलेला असतो. तारा सुरात लावायच्या ठरलेल्या रीती आहेत. 'हार्दिनो' साधारण बिलावल थाटाजवळ जातो. 'साउता'त तीव्र मध्यम आहे, त्यामुळे कल्याण थाट आठवतो. हार्मोनियमवर पांढरी चार दाबून ताडून पाहायला हरकत नाही, पण काही स्वर पेटीच्या पट्टीशी तंतोतंत जुळणार नाहीत. ते वादकाचे बेसूर नव्हेत, लावण्याची रीतच तशी आहे. आणि तीव्र मध्यम कानावर पडला म्हणून लगेच यमन शोधायला लागू नका. इथे वादी-संवादी नाही, आरोह-अवरोहाचे नियम नाहीत, संध्याकाळची वेळ नाही. आपल्याकडची पुष्कळ जाणकार मंडळी या जागी अडकतात. 'हा तर आपलाच अमुक राग' असं म्हटलं की ऐकणं संपतं.

तिसरी पायरी: लय अंगात घेणं

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. मालीतल्या बऱ्याच चाली सहा किंवा बारा मात्रांच्या हिशेबात बसतात, पण त्या मात्रा दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी एकाच वेळी मोजल्या जातात. मांडी घालून बसा. सावकाश एक ते सहा मोजा. डाव्या हाताने एक आणि चारवर मांडीवर थाप द्या. ही दादऱ्याची सम आणि खाली, ओळखीचीच जागा. आता उजव्या हाताने एक, तीन आणि पाचवर थाप द्या. दोन्ही हात एकावर एकत्र पडतात, मग उजवा तीनवर, डावा चारवर, उजवा पाचवर, आणि पुन्हा एकत्र. दोनाच्या जागेत तीन. लयकारीच्या भाषेत बोलायचं तर दीडपट, फक्त आपल्यासारखी दोन-चार आवर्तनं दाखवून मूळ लयीत परतायची नाही, तिथेच कायमचं राहायचं.

हे हाताला जमायला काही संध्याकाळी जातील. पाच-दहा मिनिटं पुरे, त्याहून जास्त केलं की डोकं भणभणतं. जमलं की मोजणं सोडा, आणि मग कोराची एखादी चाल लावून आधी फक्त डावा हात चालवा. काही वेळाने तीच चाल ऐकत फक्त उजवा हात. चाल एकच असते पण तिचा चेहरा बदलतो. मघाशी संथ वाटणारी आता पुढे ओढते. ती संथ आहे की द्रुत, हा प्रश्नच तिथे पडत नसावा. असा बदल एकदा जरी अंगाला जाणवला तरी पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या जातात.

चौथी पायरी: एकच चीज, वेगवेगळ्या ठिकाणी

'भैरवी' म्हटलं की आपण दहा गायकांच्या दहा भैरव्या आठवतो. इथेही तसंच करता येतं, कारण परंपरेतल्या चीजा सगळ्यांच्या सामाईक आहेत.

'जाराबी' ही प्रेमावरची चीज घ्या. 'कायरा' अल्बममध्ये ती एकट्या कोरावर आहे. त्याच वर्षी निघालेल्या 'सोंगाय' या अल्बमची सुरुवातही जाराबीनेच होते. तिथे तुमानींबरोबर केतामा हा स्पेनमधला फ्लामेंको गट आहे आणि इंग्लंडचे डॅनी टॉम्पसन डबल बेसवर आहेत. आधी एकटी, मग लगोलग ही दुसरी. गिटार आणि टाळ्या आल्यावर खर्जाचा धागा कुणाच्या हाती गेला, कोराला आता काय करायला मोकळीक मिळाली, हे पाहा.

दुसरी चीज स्वतः 'कायरा'. 1940च्या दशकात फ्रेंच वसाहतीच्या विरोधात तरुणांची चळवळ होती, तिच्याशी ही चाल जोडलेली आहे आणि तुमानींचे वडील ती वाजवण्याबद्दल प्रसिद्ध होते. मुलाने ती 1988मध्ये एकट्याने वाजवली, पुढे 2005च्या 'इन द हार्ट ऑफ द मून'मध्ये अली फार्का तुरे यांच्या गिटारीबरोबर वाजवली. हा दुसरा अल्बम बामाकोच्या ओतेल मांदेमध्ये, नायजर नदीच्या काठी, तालमीशिवाय ध्वनिमुद्रित झाला. दोघांच्या परंपरा वेगळ्या. अली फार्का इथे फार कमी वाजवतात. ते काय वाजवत नाहीत तेही ऐकण्यासारखं आहे. या अल्बमला ग्रॅमी मिळालं, पण मिळालं नसतं तरी मी हेच लिहिलं असतं.

दोन कोरांची जुगलबंदी ऐकायची तर 'न्यू एन्शंट स्ट्रिंग्ज' (1999). तुमानी आणि बालाके सिसोको, दोघांचेही वडील 1970 साली अशाच कोरावादनाच्या रेकॉर्डवर होते. मुलांनी 1997मध्ये बामाकोच्या एका सभागृहाच्या इमारतीत एका रात्रीत हे वाजवलं. ती 22 सप्टेंबरची, मालीच्या स्वातंत्र्यदिनाची रात्र. हेडफोन लावून दोघांना वेगळं काढायचा प्रयत्न करा. मला बऱ्याच जागी अजून जमत नाही.

शोधताना एक अडचण येईल. मालीत फ्रेंच पद्धतीची स्पेलिंगं, शेजारच्या गांबियात इंग्रजी. त्यामुळे 'ज'साठी कुठे 'जे', कुठे 'डी-जे', कुठे 'डी-आय' लिहिलेलं सापडतं. मालीतले जाबाते गांबियात जोबार्ते होतात. एका स्पेलिंगने नाही मिळालं तर दुसऱ्याने शोधा.

पाचवी पायरी: गळा आणि शब्द

इतका वेळ वाद्यच ऐकलं. मालीत मात्र वाद्य शब्दांच्या सेवेत असतं. पिढीजात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना तिथे जेली म्हणतात, फ्रेंचांनी ग्रिओ म्हटलं. कुयाते, जाबाते, सिसोको ही त्यांची आडनावं, आडनावावरूनच घराणं कळतं. तेराव्या शतकात सुंजाता केताने मालीचं साम्राज्य उभं केलं, त्याची कथा लिखित इतिहासापेक्षा या लोकांच्या तोंडी जास्त टिकली. वंशावळी सांगणं, दोन घरांतला तंटा मिटवणं, लग्नात नवऱ्यामुलाच्या पूर्वजांचे गुण गाणं ही जेलीची कामं. पूर्वजांचं नाव घेतलं की त्या घरातला माणूस उठतो आणि नोटा ओवाळून देतो. तमाशातली दौलतजादा पाहिलेल्याला दृश्य ओळखीचं वाटेल, पण इथे पैसा सौंदर्यासाठी नाही, कुळाचा मान राखल्यासाठी आहे. कोरा प्रामुख्याने पुरुषांकडे राहिला, गाण्यात मात्र बायकांचा दबदबा. कांजा कुयाते यांचा आवाज एकदा ऐकला की दबदबा म्हणजे काय ते कळतं.

या चौकटीत सालिफ केता यांना ऐकावं. आडनाव पाहा: केता, म्हणजे राजाच्या कुळातले. त्या कुळाने गाणं ऐकायचं, गायचं नाही. त्यात हा मुलगा जन्मतः कोडासारख्या पांढऱ्या कातडीचा, आणि तिथे अशा मुलांना अपशकुनी मानत. घरच्यांच्या विरोधात तो गायक झाला, बामाकोच्या रेल्वे स्टेशनच्या हॉटेलात वाजवणाऱ्या रेल बँडमध्ये गायला लागला. सगळे जण 'सोरो' (1987) आधी ऐकायला सांगतात. मी 'मोफू' (2002) सांगेन. 'सोरो'तल्या सिंथेसायझरच्या थरांखाली आवाज गुदमरतो असं मला वाटतं. 'मोफू'त लाकडी गिटारी आहेत, आणि गळा मोकळा आहे.

शब्द कळत नाहीत याचं दडपण घेऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. सीडीबरोबरच्या पुस्तिकेत बहुतेकदा इंग्रजी सारांश असतो. आधी न वाचता ऐका, मग वाचा, मग पुन्हा ऐका. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वाचलं की कान अर्थाच्या मागे धावतो.

सहावी पायरी: दक्षिणेकडे आणि उत्तरेकडे

बामाकोच्या दक्षिणेला वासुलू हा भाग आहे. इथले गायक जन्माने जेली नसतात, स्वतःच्या हौसेने गातात. स्वर पाचच, आणि मुख्य वाद्य कमालेंगोनी, शिकाऱ्यांच्या वाद्यावरून तरुणांनी बनवलेलं. त्याचा टणत्कार कोरापेक्षा खरखरीत, नाचायला लावणारा. उमू सांगारे यांची 'मुसोलू' ही पहिली कॅसेट, नावाचा अर्थ 'बायका'. त्या लहान असताना वडील आईला सोडून गेले होते, आणि घर चालवायला त्या पोरवयातच लग्नाघरी गायच्या. बहुपत्नीत्व आणि जबरदस्तीची लग्नं यांवर त्या उघड गायल्या, तेही नाचाच्या ठेक्यावर. एकटीने ओळ टाकायची आणि मागच्या बायकांनी ती उचलायची, अशी गाण्याची रीत. लोखंडी नळीवर घासून काढलेला छनछनाट मागे सतत चालू असतो. आमच्याकडे हे लागलं की आई स्वयंपाकघरातून विचारते, "कुठलं रे भजनी मंडळ हे?" ठेका तिला बरोबर सापडलेला असतो.

उत्तरेला नदीकाठच्या नियाफुंके गावचे अली फार्का तुरे. आधी नियाफुंकेच्या साध्या एकतारी वाद्यावर हात बसलेला, मग गिटार. गिटारीवर ते मूळ वाद्याच्याच चाली वाजवतात, बऱ्याचदा पाच स्वरांत, कोमल गंधार-निषाद लागतात तेव्हा धानीची आठवण होईल. अमेरिकन ब्लूजशी त्यांची तुलना सगळेच करतात. त्यांना ती आवडत नसे, कारण मूळ आपल्याकडे आहे असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. 1994चा 'टॉकिंग टिम्बक्टू' अमेरिकन गिटारवादक रे कूडरबरोबरचा आहे. हेच रे कूडर आदल्या वर्षी आपल्या पंडित विश्वमोहन भट यांच्याबरोबर 'अ मीटिंग बाय द रिव्हर'मध्ये वाजवले होते. दोन्ही लागोपाठ ऐका. एकच गिटारवादक मोहनवीणेसमोर कसा बसतो आणि अली फार्कासमोर कसा, हा चांगला धडा आहे. माझा जीव मात्र 'नियाफुंके' (1999) या अल्बमवर आहे. अलींना शेती सोडून परदेशी जायचं नव्हतं, म्हणून ध्वनिमुद्रणाचं सामान आणि जनरेटर त्यांच्या गावात नेला. वीज नव्हतीच.

त्याही पलीकडे वाळवंट, तुआरेग लोक आणि तिनारिवेन. या गटाच्या इब्राहिम आग अलहबीबने पहिली गिटार तेलाचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार जोडून बनवली होती. 'अमान इमान' (2007) लावा आणि दुसऱ्या पायरीतला उलटा खेळ करा: इथे धागे वेगळे करायचे नाहीत, चार-पाच गिटारी एकाच सुरावटीला चिकटून कशा चालतात ते ऐकायचं. 2012मध्ये उत्तर माली सशस्त्र कट्टरपंथीयांच्या हाती गेला तेव्हा तिथे संगीतावरच बंदी आली. वाळवंटातला दरवर्षीचा संगीत महोत्सवही त्यानंतर तिथे भरू शकला नाही.

रोजच्या सवयीसाठी काही गोष्टी

आठवड्याला एकच अल्बम. नवा अल्बम सोमवारी सुरू केला तर रविवारपर्यंत दुसरा नाही. अल्बमवर साथीदारांची नावं असतात, ती उतरवून ठेवा. गोनी हे तंतुवाद्य वाजवणारे बासेकू कुयाते आधी दुसऱ्यांच्या साथीला सापडतील, मग 'सेगू ब्लू' (2007) हा त्यांचा स्वतःचा अल्बम आपोआप ऐकावासा वाटेल. पुढचं काय ऐकायचं ते अशा नावांवरून ठरवा, ॲपच्या शिफारशींवरून नको.

जो अल्बम महिनाभर पुन्हा पुन्हा लावला जातो तो विकत घ्या. बँडकँप या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर बऱ्याच कलाकारांचं संगीत थेट मिळतं आणि त्यातला बरा वाटा त्यांच्याकडे जातो. स्ट्रीमिंगमधून मिळतं ते नगण्य.

रेडिओ गार्डन या संकेतस्थळावर पृथ्वीचा गोल फिरवून बामाकोवर थांबलात तर तिथली केंद्रं थेट ऐकता येतात. तिथलं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. आपण सकाळी साडेअकराला लावलं तर तिथे सकाळचे सहा. बरंचसं बोलणं आणि आजचं पॉप ऐकू येईल, तुमानींचा मुलगा सिदिकीही भेटेल, कोरा आणि ऑटोट्यून दोन्ही घेऊन. बाप-लेकाचा एकत्र अल्बम आहे, 2014चा, नुसत्या दोन कोरांचा. तो आणि हे पॉप एका दिवशी ऐकून पाहा.

दोन-चार महिने झाले की शेजारच्या देशांत जायला हरकत नाही. गांबियाच्या सोना जोबार्ते कोरा वाजवतात, म्हणजे जे वाद्य बायकांकडे नव्हतं तेच, आणि त्या गातातही. तिथून सेनेगल, मग गिनी. गिनीतला बालाफोन हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य कोरापेक्षाही जुनं मानतात, पण तो ऐकताना दोनावर तीनचा हिशेब आणखी अवघड होतो. हात पक्का बसला असेल तरच तिकडे वळा.